लाख रोपांचा हिशेब

रिओ दि जानेरोच्या डोंगरावर हात पसरून उभा असलेला ख्रिस्त आपण चित्रांत पाहिलेला असतो. त्याच्या पायाशी पसरलेल्या तिजुकाच्या रानाकडे सहसा लक्ष जात नाही. एकोणिसाव्या शतकात कॉफीच्या मळ्यांपायी हे डोंगर बोडके झाले, झरे आटले, शहरात पाण्याची ओरड सुरू झाली. तेव्हा बादशहा दुसरा पेद्रू याच्या सरकारनं मळ्यांच्या जमिनी ताब्यात घेतल्या आणि १८६१ मध्ये मेजर मानुएल आर्चर यांच्यावर जंगल पुन्हा उभं करण्याचं काम सोपवलं. गरज पाण्याची होती; निसर्गप्रेम मागाहून आलं.

आर्चर यांनी बहुतांश रोपं आसपासच्या रानांतली, तिथल्याच जातींची आणली. तेरा वर्षांत सुमारे १ लाख झाडं लागली. खड्डे खणणारे हात गुलामांचे. सुरुवातीच्या सहाजणांची नुसती नावं उरली आहेत: एलेउतेरियो, कोन्स्तान्तिनो, मानुएल, माटेउस, लेओपोल्दो आणि मारिया. एखाद्या कामाला आदर्श म्हणण्याआधी त्याची मजुरी कुणाच्या अंगावर पडली, हे विचारायला हरकत नसावी.

आता थोडा हिशेब करू. हेक्टरी १,००० रोपं धरली आणि एकही मेलं नाही असं मानलं, तरी लाख रोपांत १०० हेक्टर भरतील. आजचं तिजुका राष्ट्रीय उद्यान जवळपास ४,००० हेक्टरांचं आहे. तगून राहिलेलं जुनं जंगल वजा केलं तरी आकडे जुळत नाहीत. उरलेलं रान वाऱ्यानं, पाखरांनी, वटवाघळांनी लावलं. शिखरांवर आणि अवघड उतारांवर जुनी झाडं शिल्लक होती, म्हणून त्यांना बी मिळालं. माणसानं लावलेली रोपं म्हणजे विरजण. दूध आधीच असावं लागतं.

थायलंडमध्ये चियांग माई विद्यापीठाचा गट १९९४ पासून हेच तत्त्व जाणीवपूर्वक वापरतो. मूळ पद्धत ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडची. स्थानिक वीस-तीस जाती निवडायच्या: भरभर वाढणाऱ्या, सावलीनं गवत मारणाऱ्या, लवकर फळून पाखरांना बोलावणाऱ्या. पाखरं येताना बाकीच्या जातींचं बी आणतात. मात्र जवळपास जंगल हवं आणि बी वाहणारे जीवही हवेत.

तिजुकात नेमके हे जीवच कमी पडले. झाडं वाढली, पण शिकारीनं आणि शहराच्या वेढ्यानं मोठी जनावरं संपली होती. टणक, जड बिया झाडाखालीच पडून राहत. म्हणून २०१० च्या सुमारास तिथे अगूटी सोडले. हा सशाएवढा कुरतडणारा प्राणी बिया पुरून ठेवतो आणि त्यांतल्या काही विसरतो. त्याचं विसरणं हीच तिथली लावणी. २०१५ मध्ये हाउलर माकडं आणली. त्यांच्या विष्ठेतल्या बिया शेणकिडे मातीत नेतात. दीडशे वर्षांपूर्वीच्या कामाचा हा राहिलेला भाग.

या रानात आपल्या ओळखीचा एकजण भेटतो आणि थोडं ओशाळायला होतं. पोर्तुगीजांनी ब्राझीलला नेलेला फणस तिथे इतका माजला की स्थानिक झाडांना जागा उरेना. त्याची रोपं उपटावी लागली, मोठ्या झाडांची साल गोलाकार सोलून ती वाळवावी लागली. कोकणात ज्याच्या सावलीत अंगण वसतं, तो तिथे घुसखोर ठरला. गिरिपुष्प किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ आपल्याकडे लावताना मात्र आपण असा विचार क्वचितच करतो.

महाराष्ट्रात २०१९ च्या पावसाळ्यासाठी ३३ कोटी रोपांचं लक्ष्य होतं. असे आकडे ऐकले की मला खड्ड्यांपेक्षा धनेश आठवतो. मोठी फळं गिळून दूरवर बी टाकणारा हा पक्षी जिथे अजून फिरतो, तिथली लावणी वेगळी. सर्वांत जवळचं रान जिथे पन्नास किलोमीटरवर आहे, तिथली वेगळी. आणि माळरान तर मुळात उजाड झालेलं जंगलच नव्हे. तिथे झाडं लावणं हा माळढोकावर अन्याय. सह्याद्रीत पैसा आणि माणसं मोजकीच असतील, तर मी ती एखाद्या देवराईच्या कडेला लावीन: दहाच हेक्टर, वणव्यापासून आणि गुरांपासून राखलेले, देवराईतलंच बी घेऊन. पाच वर्षांनी लावलेली किती जगली ते मोजायचंच, पण न लावलेली किती उगवली तेही मोजायचं. आपल्या अहवालांत या दुसऱ्या आकड्याला रकानाच नाही.