उलट बोलता येईल अशी मदत

थंडी सुरू झाली की मालवणात सहलीच्या गाड्यांची रीघ लागते. सिंधुदुर्ग किल्ला, तारकर्ली, देवबाग, स्कूबा डायव्हिंग असा बेत ठरलेला असतो आणि त्यात कधी कधी ‘गावातल्या शाळेला भेट’ हीही एक नोंद असते. कॉलेजची मुलं, क्वचित परदेशात शिकणारी मराठी घरांतली मुलंही, वर्गणी काढून वह्या, दप्तरं, रंगपेट्या घेऊन येतात. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. विशीतल्या मुलाला सुट्टीतला एक दिवस दुसऱ्याच्या लेकरांसाठी द्यावासा वाटतो, ही मोलाची गोष्ट आहे. म्हणूनच त्या दिवशी शाळेत नेमकं काय घडतं ते नीट पाहायला हवं.

चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, दोन खोल्या आणि पट जेमतेम अकरा, अशा जिल्हा परिषदेच्या शाळा या जिल्ह्यात नवलाच्या राहिलेल्या नाहीत. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. त्यातले एक गुरुजी निवडणुकीच्या किंवा कसल्याशा माहिती भरण्याच्या कामाला गेले की सगळे वर्ग एकट्या बाईंच्या गळ्यात. अशा शाळेत पाहुणे यायचे म्हटल्यावर आदल्या दिवशीच अंगण सारवलं जातं, स्वागतगीत बसवलं जातं. सकाळी परिपाठ लवकर उरकतो. पाहुण्यांना उशीर झाला तर खिचडी निवते, पण मुलं ओळ मोडत नाहीत. मग वाटप सुरू होतं. दप्तराचा एक बंद देणाऱ्याच्या हातात, दुसरा घेणाऱ्याच्या. आणि दोघंही बघतात ते मोबाइलच्या कॅमेऱ्याकडे. एकमेकांकडे बघायला सवडच नसते. तिसरीतल्या मुलीकडे आधीच एक चांगलं दप्तर असतं. तिला हे नको आहे, असं तिने कोणाला सांगायचं? आणि बाईंनी तरी? दारात आलेल्या पाहुण्याला ‘नको’ म्हणायची आपल्याकडे रीत नाही. माझी हरकत आहे ती या न म्हणता येणाऱ्या ‘नको’ला.

हा पेच जुना आहे. १९६८ च्या एप्रिलमध्ये मेक्सिकोतल्या क्वेर्नाव्हाका इथे विचारवंत इव्हान इलिच यांनी अमेरिकी विद्यार्थ्यांसमोर एक भाषण केलं. हे विद्यार्थी उन्हाळ्याच्या सुट्टीत मेक्सिकोच्या खेड्यांत सेवा करायला जाणारे. इलिच यांनी त्यांना तोंडावर सांगितलं की बघायला या, शिकायला या, डोंगर चढा, पण मदत करायला येऊ नका. ज्यांची भाषा तुम्हाला येत नाही, तुमच्याबद्दल काय वाटतं हे जे तुम्हाला सांगू शकत नाहीत, त्यांचं भलं तुम्ही कसं ठरवणार, हा त्यांचा सवाल होता. इलिच टोकाचं बोलत. पण आपल्याच निमंत्रकांपुढे हे बोलायला धैर्य लागतं, आणि तो सवाल आजही सुटलेला नाही.

सवाल टाळला की काय होतं ते कंबोडियात दिसलं. परदेशी पाहुण्यांना अनाथ मुलांना भेटायचं होतं, पैसे द्यायचे होते. २००५ ते २०१० या काळात तिथली अनाथालयं सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली आणि त्यांतल्या बहुतेक मुलांची आई किंवा वडील हयात होते. गरीब घरांतली मुलं भेटीसाठी गोळा होऊ लागली. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाने आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा केला, तेव्हा अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या या व्यापाराचीही दखल घेतली गेली. आपल्या शाळांची गत तशी नाही, आणि तशी होईल असंही मी म्हणत नाही. पण दाता काय बघायला येतो यावर घेणाऱ्याची मांडणी बदलते, एवढं त्यातून उघड आहे.

शाळेला देण्याची रीत कोकणाला बाहेरून शिकावी लागलेली नाही. मालवणच्या हायस्कूलला असलेलं टोपीवाला हे नाव मुंबईत नायर रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयालाही आहे. ती मोठी माणसं झाली. पण गिरणीत, गोदीत, पोस्टात खपणाऱ्या चाकरमान्यांनी लालबाग-परळ-गिरगावच्या खोल्यांत ग्रामस्थ मंडळं चालवली आणि महिन्याच्या पगारातून पावत्या फाडल्या. कित्येक गावांत शाळेचं छप्पर, बाकं, कपाट त्या पावत्यांतून आलं. त्यातही मानपान होते, भावकीची भांडणं होती, पाटीवर कोणाचं नाव आधी यावर वर्षानुवर्षांचे अबोले होते. ते झाकण्यात अर्थ नाही. तरी त्या देण्यात एक गोष्ट भक्कम होती. चाकरमानी चतुर्थीला गावात आला की म्हातारी त्याला वाटेतच अडवायची: “तुमी घातलेले पत्रे पयल्याच पावसात गळाक लागले, बघलंस काय रे?” आणि त्याला उत्तर द्यावं लागायचं. पुढच्या वर्षी त्याच वाटेने यायचं असायचं ना! देणारा हाताशी होता, त्याला उलट बोलता येत होतं. सहलीची गाडी संध्याकाळी निघून जाते. गळक्या पत्र्याची तक्रार मग कोणाकडे करायची?

राष्ट्रीय सेवा योजनेची रचना करणाऱ्यांना हे काही अंशी उमगलं असावं. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीत, ती सुरू झाली. वर्षाला १२० तास काम, दत्तक गाव, सात दिवसांचं निवासी शिबिर. शिबिर कागदावरच उरकलं तर ते वेगळं. पण त्याच गावात पुन्हा जायचं, ही अट मला फार महत्त्वाची वाटते. कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभा करणारे अप्पासाहेब पटवर्धन तर राहायलाच आले. सफाईचं काम स्वतःच्या हातांनी केलं, आणि चार माणसं नावं ठेवत होती त्यांच्यातच वावरले.

आणि साने गुरुजी. १९४९ साली पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी आंतरभारतीची कल्पना मांडली. एका प्रांताच्या माणसाने दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, तिथे जाऊन राहावं, आपल्याकडे त्यांना बोलवावं. त्यात दाता कोणी नाही, याचक कोणी नाही. पालगडच्या या कोकणी माणसाने सांगितलेली ही ये-जा मला कुठल्याही वाटपापेक्षा मोठी वाटते, कारण तिच्यात यजमानपण आलटून पालटून येतं.

देवबागच्या पोराला यजमान होऊन बघू द्या. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथलं पाणी कधी ओढ घेतं, रापणीचं जाळं ओढताना दोराला कोणी कुठे धरायचं, तारली आणि पेडवा हे मासे कसे ओळखायचे, हे त्याला घरातूनच आलेलं असतं. सागरी जीवशास्त्र शिकणाऱ्या मुलीने त्याच्याशेजारी बसून माशांची मालवणी नावं चित्रांसह एका वहीत उतरवली, तर ती वही शाळेची होईल आणि त्या मुलीचाही अभ्यास होईल. पुढे आठवड्यातून एकदा फोनवरून अर्धा तास वाचन घेतलं तर वर्षअखेरीला मुलं गोष्टीची पुस्तकं घडाघडा वाचतील. दप्तरापेक्षा याला खर्च कमी आणि चिकाटी जास्त लागते.

कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक, आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. तारीख ठरवण्याआधी, वस्तू घेण्याआधी पत्र या समितीला जावं. समितीने ‘या वर्षी नको’ म्हटलं तर ते मुकाट्याने ऐकावं. मुलांचे फोटो काढायचे की नाही हेही समितीनेच ठरवावं. वर्गणीतली निम्मी रक्कम बाजूला ठेवावी आणि मे महिन्यात याच अकरा मुलांना, सोबत बाईंना, मुंबईला न्यावं. त्यांनी राहायचं ते कॉलेजच्या मुलांच्या घरी. घरांची यादी आधी शाळेला पाठवावी. आया ती वाचतील आणि विचारतील: घरात कोण कोण असतं, रात्री पोरं कुठे निजतील, गाडी कितीची, जेवणात मासे असतील ना, पोराला ताप आला तर फोन कोण करणार. या प्रश्नांची उत्तरं लेखी द्यावीत, आणि आयांचं समाधान झालं तरच तिकिटं काढावीत.