सलोख्याचा हिशेब

कॅनडाच्या हाउस ऑफ कॉमन्समधला खासदार आपल्या मतदारसंघातल्या घरोघरी वर्षातून चार वेळा छापील पत्रक पाठवू शकतो. ओंटारियो प्रांतातल्या ब्रॅम्प्टन, मिसिसागा, मिल्टन या भागांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हे पत्रक चांगलं परिचयाचं आहे. पिझ्झाच्या आणि घरं विकणाऱ्या दलालांच्या जाहिरातींबरोबर ते टपालपेटीत येतं आणि अनेकदा त्यांच्याबरोबरच रद्दीत जातं. पण ते सकाळी चहाबरोबर शांतपणे वाचावं असं असतं. दातांच्या उपचारांच्या सरकारी योजनेला कोण पात्र आहे, मुलांसाठीचा भत्ता कसा मिळतो, विद्यार्थ्यांच्या उन्हाळी नोकऱ्यांसाठी अर्ज कधी करायचा, हे सगळं त्यात साध्या भाषेत दिलेलं असतं. लोकप्रतिनिधीने लोकांना असं कळवत राहावं, यात लोकशाहीची मोठी शान आहे.

बऱ्याच पत्रकांत याच्या पुढे एक वेगळी चौकट असते. मूलनिवासींशी सलोख्याची. ३० सप्टेंबरचा उल्लेख, नारिंगी शर्ट घातलेल्या खासदाराचा फोटो आणि खेदाच्या दोन-तीन ओळी. योजनांच्या चौकटीत मुदत आहे, रक्कम आहे, अर्ज कुठे करायचा ते आहे. सलोख्याच्या चौकटीत यातलं काहीच नाही.

त्या नारिंगी शर्टाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. १९७३ मध्ये सहा वर्षांची फिलिस वेबस्टॅड ब्रिटिश कोलंबियातल्या विल्यम्स लेकजवळच्या सेंट जोसेफ मिशन या निवासी शाळेत गेली, तेव्हा आजीने घेऊन दिलेला नवाकोरा नारिंगी शर्ट तिच्या अंगावर होता. पहिल्याच दिवशी तो काढून घेतला गेला आणि पुन्हा कधीच परत मिळाला नाही. तिने ही आठवण सांगितली, २०१३ पासून नारिंगी शर्टाचा दिवस पाळला जाऊ लागला आणि २०२१ पासून ३० सप्टेंबर हा ‘सत्य आणि सलोखा दिन’ म्हणून राष्ट्रीय पातळीवर मान्य झाला.

मात्र तो शर्ट कुणा दरोडेखोराने नेला नव्हता. ज्या व्यवस्थेत तो गेला ती सरकारी योजना होती. तिला अंदाजपत्रकात तरतूद होती, तिच्यावर देखरेखीला अधिकारी होते, तिचे वार्षिक अहवाल ओटावाला जात होते. शतकाहून अधिक काळ चाललेल्या त्या योजनेत दीड लाखांहून अधिक मुलांना आईवडिलांपासून तोडून निवासी शाळांत ठेवलं गेलं, स्वतःच्या भाषेत बोलल्याबद्दल शिक्षा झाली, आणि हजारो मुलं घरी परतलीच नाहीत. ११ जून २००८ रोजी पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी सभागृहात माफी मागितली. मरी सिंक्लेअर यांच्या अध्यक्षतेखालच्या सत्य आणि सलोखा आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या. त्या शिफारशींचा क्रम पाहण्यासारखा आहे. सुरुवात बालकल्याणापासून होते, मग शिक्षण, भाषा, आरोग्य, न्यायव्यवस्था. म्हणजे आयोगाने सलोखा आधी शोधला तो योजनांमध्ये, जिथे घाव घातला गेला होता तिथेच.

त्यातली तिसरीच शिफारस जॉर्डनच्या नावाच्या तत्त्वाबद्दल आहे. जॉर्डन रिव्हर अँडरसन हा मॅनिटोबातल्या नॉर्वे हाउस क्री नेशनचा मुलगा. १९९९ मध्ये गुंतागुंतीचा आजार घेऊन जन्मला आणि जन्मापासून विनिपेगच्या रुग्णालयात राहिला. दोन वर्षांचा झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता याला घरी नेता येईल, फक्त घरी काळजीची सोय हवी. कॅनडात आरोग्यसेवा प्रांताच्या अखत्यारीत येते, पण मूलनिवासींच्या राखीव वस्त्यांवरच्या सेवांचा खर्च केंद्र सरकार करतं. जॉर्डनचा खर्च कुणी करायचा, यावर दोन्ही सरकारांचा वाद सुरू झाला. हा वाद बारीकसारीक गोष्टींपर्यंत गेला, अगदी न्हाणीघरातल्या शॉवरच्या तोटीपर्यंत. दोन वर्षांहून अधिक काळ कागद इकडून तिकडे फिरत राहिले. २००५ मध्ये, पाच वर्षांचा असताना, जॉर्डन रुग्णालयातच गेला. आपल्या घरी तो एक दिवसही राहिला नाही.

‘हे आमच्याकडे येत नाही’ हे वाक्य महाराष्ट्रात तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवलेल्या माणसाला नवीन नाही. पण त्या वाक्याने एक अख्खं बालपण गिळलं, हे वाचताना गळा दाटून येतो. १२ डिसेंबर २००७ रोजी सभागृहाने एकमताने ठराव केला : मूलनिवासी मुलाला आधी सेवा द्या, पैशांचा वाद मागून मिटवा. हेच जॉर्डनचं तत्त्व. ठराव झाला तरी अंमलबजावणी झाली नाही. मूलनिवासी मुलांसाठी काम करणाऱ्या सिंडी ब्लॅकस्टॉक यांच्या संस्थेला आणि मूलनिवासींच्या राष्ट्रीय संघटनेला मानवी हक्क न्यायाधिकरणात वर्षानुवर्षं लढावं लागलं. २०१६ मध्ये निकाल लागला, की राखीव वस्त्यांवरच्या मुलांच्या सेवांना कमी पैसा देऊन सरकार भेदभाव करत आहे.

पाण्याचंही तेच. ओंटारियोच्या उत्तरेकडे नेस्कांतागा नावाची मूलनिवासींची छोटी वस्ती आहे. तिथे १९९५ पासून पाणी उकळून प्या असा इशारा लागू आहे. २०२५ मध्ये त्याला तीस वर्षं झाली. त्या वस्तीत जन्मलेली मुलं आईबाप झाली, तरी नळाचं पाणी थेट ओठांना लावणं त्यांना माहीत नाही. राखीव वस्त्यांवरचे असे दीर्घकालीन इशारे मार्च २०२१ पर्यंत संपवू, असं वचन सरकारने दिलं होतं. शंभराहून अधिक इशारे उठले, हे काम मोठं आहे आणि ते मोकळेपणाने मान्य करायला हवं. पण नेस्कांतागाची पाळी आली नाही. आणि हे त्याच प्रांतात, जिथे आपण मिसिसागात तोटी सोडतो आणि पोह्यांवर पाणी शिंपडतो.

मिसिसागाबद्दल बोलायचं तर, टोरंटोची जमीन मिसिसागा या मूलनिवासी लोकांकडून घेतल्याचं १८०५ मध्ये पक्कं करताना त्यांच्या हातावर दहा शिलिंग टेकवले गेले. ब्रॅम्प्टन ज्या जमिनीवर उभं आहे ती १८१८ च्या अजेटन्स करारातली. टोरंटोच्या व्यवहाराचा दावा मिटायला २०१० साल उजाडलं; तेव्हा १४.५ कोटी डॉलरवर तडजोड झाली. आपल्या घराच्या खरेदीखताच्या मागे हे सारं आहे.

‘ही गोऱ्यांची जुनी पापं, आपला काय संबंध,’ असं मराठी मंडळींच्या गप्पांत कानावर येतं. संबंध आहे, आणि तो आपण स्वतः उजवा हात वर करून जोडलेला आहे. आयोगाच्या शेवटच्या, ९४ व्या शिफारशीनुसार जून २०२१ मध्ये नागरिकत्वाची शपथ बदलली. तेव्हापासून नवा नागरिक कॅनडाची राज्यघटना पाळण्याचं वचन देतो, ती फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटिस या मूलनिवासी लोकांचे मूळचे आणि करारातून आलेले हक्क मान्य करते या उल्लेखासह. शपथ घेतल्यावर आपण बाहेरचे राहत नाही.

शिवाय हा विषय आपल्याला समजायला अवघड नाही. आपल्याकडच्या २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचं प्रस्तावनेतच कबूल केलं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्काचा कागद मिळाला, पण बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती यायला २०११ उजाडलं. कबुलीपासून परवान्यापर्यंतचं हे अंतर आदिवासींनी पायी कापलेलं असतं, आणि त्या वाटेवर त्यांच्या बाजूने बोलणारा लोकप्रतिनिधी क्वचितच भेटतो.

म्हणून खासदारांच्या पत्रकात सलोख्याची चौकट वेगळी नको. दातांच्या योजनेत राखीव वस्तीवरच्या माणसाला दंतवैद्य किती दूर जाऊन गाठावा लागतो, हे त्या योजनेखालीच छापावं. जॉर्डनच्या तत्त्वाखाली आलेले अर्ज किती दिवस पडून आहेत, पाण्याचे इशारे किती उरले आणि ते कधी उठणार, हे रकमा आणि तारखांसह यावं. खेद व्यक्त करायला काही लागत नाही. तारीख छापायची तर काम करावं लागतं.

पुढचं पत्रक येईल तेव्हा ते रद्दीत टाकू नका. पूर्ण वाचा, आणि जे त्यात नाही ते खासदाराला पत्र लिहून विचारा. हाउस ऑफ कॉमन्सच्या पत्त्यावर खासदाराला पाठवलेल्या पत्राला टपाल तिकीट लागत नाही.