बोटाखालचा कंप

आज गुरुपौर्णिमा. जव्हार-मोखाड्यात या दिवसांत आवणी चाललेली असते. चिखलात वाकलेली बायकांची ओळ, पाठीवर इरले किंवा प्लॅस्टिकचा कागद, हातात भाताच्या रोपांची मूठ. नवखी पोर आजीच्या शेजारी उभी राहते आणि तिच्या हाताकडे बघत रोपे रोवत जाते. किती खोल, किती अंतरावर, हे तिला कुणी आकडा सांगून शिकवत नाही.

याच शेतांच्या बांधावर घोणसही असते. तिचे विष रक्ताची गोठण्याची क्रिया बिघडवते आणि पुष्कळदा मूत्रपिंडेही बंद पाडते. प्रतिविष वेळेवर मिळाले, आणि गरज पडेल तितके दिवस यंत्राने रक्त शुद्ध करत राहिले, तर ती मूत्रपिंडे बहुतेक वेळा पुन्हा कामाला लागतात. आवणीत चावा बसलेला माणूस कापणीला पुन्हा शेतात उभा राहू शकतो. आपल्याकडच्या सर्पदंशाने मूत्रपिंडांचे काय होते, याचा चंदीगडच्या डॉ. किरपाल सिंग चुघ यांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि तो विद्यार्थ्यांना शिकवला. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. विद्या आचार्य यांच्या हाताखाली मूत्रपिंडविकारांचे डॉक्टर घडले. मोखाड्याहून जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात आणि तिथून पुढे नाशिक-ठाण्याकडे धावणाऱ्या रुग्णवाहिकेत एकच माणूस आडवा असतो, पण त्याच्या वाटेवर अशा शिक्षकांची केवढी रांग आधीपासून उभी असते!

आजच्या दिवशी मला मात्र आठवतात ते लिओनार्ड पोलाक डॅनियल्स. हे नाव आपल्याकडे फार कुणाला ठाऊक नाही. १९३८ साली नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या रुग्णालयात विलेम कोल्फ नावाचा तरुण डॉक्टर त्यांच्या हाताखाली काम करत होता. त्याच्याकडे सोपवलेल्या मोजक्या खाटांपैकी एकीवर २२ वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा होता. मूत्रपिंडे निकामी झालेली, दृष्टी जात चाललेली, उलट्या थांबत नव्हत्या. त्याच्या आईला ‘आता काही करता येणार नाही’ हे कोल्फला सांगावे लागले. रोज थोडासा युरिया रक्तातून बाहेर काढता आला असता तर हा मुलगा जगला असता, हा विचार कोल्फच्या डोक्यातून जाईना. नवशिक्याचा असला विचार वरिष्ठाने हसण्यावारी नेला असता, तर कुणी त्याला दोष दिला नसता. पोलाक डॅनियल्स यांनी त्याला करून बघू दिले. त्याच विद्यापीठातल्या प्राध्यापक ब्रिंकमन यांनी सेलोफेनचा पातळ पडदा दाखवला. पडद्याच्या एका बाजूला रक्त आणि दुसऱ्या बाजूला मिठाचे पाणी ठेवले, की युरिया त्यातून पलीकडे निघून जातो.

मे १९४० मध्ये जर्मन सैन्य आले. पोलाक डॅनियल्स ज्यू होते. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने आपले आयुष्य संपवले. त्यांच्या जागी बसवलेल्या नाझी माणसाच्या हाताखाली काम करायचे नाही म्हणून कोल्फ कांपेन या लहान गावी निघून गेला. तिथे युद्धाच्या टंचाईत, एका कारखानदाराच्या मदतीने, लाकडी पट्ट्यांच्या फिरत्या पिंपाभोवती सेलोफेनची नळी गुंडाळून त्याने १९४३ मध्ये यंत्र उभे केले. सुरुवातीचे जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. सप्टेंबर १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई बेशुद्धीतून डोळे उघडून बोलू लागली. ती नाझींना साथ दिल्याबद्दल कैदेत होती, हे गावाला माहीत होते. ज्या माणसाचे गुरू नाझींमुळे गेले, त्याने तिच्यावर उपचार केले. पुढे आपली यंत्रे त्याने लंडन, न्यूयॉर्कच्या रुग्णालयांना मोफत देऊन टाकली. गुरूचे ऋण फेडणे म्हणजे काय, हे मला याहून नेमके दुसरीकडे कुठे वाचायला मिळालेले नाही.

यंत्राने रक्त शुद्ध करण्याचे, म्हणजे डायलिसिसचे, बरेचसे शास्त्र आता पुस्तकांत आहे. पण फिस्टुला हातानेच शिकावा लागतो. मनगटाजवळची धमनी शिरेला जोडतात, शीर हळूहळू जाड होते आणि तिच्यावर बोट ठेवले की आतून एक कंप लागतो. डायलिसिस विभागात त्याला सगळे ‘थ्रिल’ म्हणतात. तो कुठे जोरात आहे, कुठे मंदावलाय, जाड सुई नेमकी कुठे आणि किती तिरकी घालायची, हे अनुभवी सिस्टर किंवा टेक्निशियन नवख्याचे बोट स्वतःच्या बोटाखाली धरूनच शिकवते. “लागला का?” एवढाच तिचा प्रश्न असतो. ‘लागला’ हे उत्तर पहिल्या दिवशी खोटे असते, काही आठवड्यांनी खरे होते. त्या सिस्टरचे नाव कुठल्या फलकावर लागत नाही, आणि तिला आज एक फोनही कुणी करत नसेल तर मला ते बोचते.

चार तासांच्या एका डायलिसिसला साधारण १२० लिटर शुद्ध केलेले पाणी रक्ताशेजारून वाहून जाते. मुंबईच्या रुग्णालयांत पोहोचणाऱ्या पाण्यात वैतरणेचे पाणीही असते. मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातच आहे आणि २०१४ पासून ते मुंबईची तहान भागवते आहे. त्याच मोखाड्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते आणि बायका दरीतल्या झऱ्यावरून हंडे चढवून आणतात.

अशा घरातल्या आजीला डायलिसिस सुरू झाले आणि कुणी सांगितले, “दिवसाला ८०० मिली घ्यायचे”, तर तिच्या हाती काय लागले? जन्मभर पाणी आणण्यात कंबर मोडलेल्या बाईला आता घरात असलेले पाणीही पिऊ नको म्हणायचे! इथलीच एखादी पोर डायलिसिसचे काम शिकून उभी राहिली, तर ती आजीच्या फळीवरचा तांब्या खाली काढेल. रोज सकाळी त्यात ८०० मिलीच पाणी मोजून भरून तो बाजूला ठेवायचा. चहा प्यायलीस की तेवढे पाणी त्यातून ओतून टाक, आंबील प्यायलीस तरी ओत, गोळी घेतलीस तर घोट त्यातलाच. तांब्या रिकामा झाला की आजचे संपले. तोंड सुकले तर लिंबाची फोड चोख, पण जास्त नको. हे सगळे ती आजीच्या बोलीत सांगेल आणि दुसऱ्या दिवशी येऊन तांब्यात किती उरले होते ते विचारेल.