भार उतरविणे

'उतरविणे' हे क्रियापद आपल्या नित्य बोलण्यातले आहे. चुलीवरचे भांडे उतरवितात, लहान मुलाची दृष्ट उतरवितात, डोईवरची पाटी उतरवितात. यांपैकी पाटीचा प्रयोग विशेष मननीय आहे. जड ओझे माथ्यावर असले म्हणजे ते एकट्याने सुखरूप खाली ठेवणे कठीण. दुसऱ्या कोणी जवळ येऊन हात लावावा लागतो.

संस्कृतात 'तॄ' धातूस 'अव' उपसर्ग लागला की 'खाली येणे' असा अर्थ होतो. त्यावरून 'अवतार' शब्द सिद्ध झाला. आणि त्याच्याच प्रयोजक रूपावरून 'भारावतारण', म्हणजे भार खाली उतरविणे, हा शब्द झाला. भगवंताचे खाली येणे आणि भूमीचा भार खाली उतरणे ही एकाच धातूची लेकरे होत. दूर उंचावर उभे राहून कोणाचा भार उतरविता येत नाही, हे त्यांतून आम्ही शिकावे.

परंतु भूमीला भार झाला तो कशाचा? डोंगर आणि सागर ती सहज धारण करते. श्रीमद्भागवताच्या दशमस्कंधारंभी ती गाईच्या रूपाने ब्रह्मदेवास शरण जाते, ती राजांच्या रूपाने माजलेल्या दैत्यांच्या सैन्यांनी पीडित होऊन. अर्थात तो भार उन्मत्तपणाचा होता. एकादशस्कंधात याहून कठोर विचार आहे. भारतीय युद्ध संपले तरी भार पुरता उतरला असे श्रीकृष्णांस वाटले नाही. कारण त्यांच्याच आश्रयाने बलाढ्य झालेले यादवकुल शिल्लक होते. त्यांनी स्वकुलासही वगळले नाही!

देवालयाची सेवा करणाऱ्या आम्हांस हा बोध विशेष लागू आहे. अन्नदान, विद्यार्थ्यास साहाय्य, रुग्णास औषध ही सारी ओझी उतरविण्याचीच कामे होत. मात्र घेणाऱ्यास चारचौघांत उभे करून त्याचे नाव पुकारले, तर पोटाचे ओझे उतरवून उपकाराचे ओझे आम्ही त्याच्या माथ्यावर ठेवतो. आणि हे दुसरे अधिक जड असते. त्याने जन्मभर उतराई होण्याची चिंता वाहावी, असे साहाय्य ते साहाय्यच नव्हे. शिवाय त्यातून आमच्या ठायी जो अभिमान वाढतो, तो भूमीवर नवा भारच होय.

म्हणून वाचकहो, जवळ जावे, हात लावावा, ओझे अलगद खाली ठेवावे आणि आपल्या वाटेस लागावे. एवढी सद्बुद्धी श्रीहरी आम्हां सर्वांस देवो.