जे आधी होईल ते

ज्या वस्तू बिघडण्यापूर्वी कुरकुरतात त्यांच्याबद्दल मला पहिल्यापासून आदर आहे. आमच्या घरचा पंखा आधी चार महिने करकरला आणि मग बंद पडला. मिक्सरला आधी वास यायला लागला. आमच्या शाखेतले शिपाई तर आजारपणाची रजा टाकायच्या आठवडाभर आधीपासून खोकायला सुरुवात करतात. याला म्हणतात सभ्यपणा. पण मोटारीच्या इंजिनात टायमिंग बेल्ट नावाची एक चीज असते, तिला हा सभ्यपणा शिकवलेला नाही. ती बहुतेक वेळा काही न बोलता, काही न सुचवता, भर रस्त्यात एकदम तुटते.

मी राहतो निगडीला आणि माझी बदली झाली चाकण शाखेत. म्हणजे मी औद्योगिक पट्ट्याच्या एका टोकाला झोपतो आणि दुसऱ्या टोकाला पासबुकं भरतो. या पट्ट्यात मोटारी इतक्या बनतात की इथल्या पोराला 'आई'च्या आधी 'असेंब्ली' म्हणता येत असावं. १९९८ च्या अखेरीस बाजारात आलेली इंडिका आमच्या पिंपरीचीच. २००९ पासून चाकणला जर्मन गाड्याही बनू लागल्या. अशा गावात राहून मला मात्र माझ्या सेकंडहँड डिझेल गाडीत पट्टा आहे हेच दोन वर्षं माहीत नव्हतं. पट्टा म्हणजे सामान ठेवायच्या कपाटाचा, कंबरेचा किंवा मास्तरांचा, एवढंच माझं ज्ञान.

ते ज्ञान वाढवलं चिखलीच्या आमच्या मिस्त्रींनी. ते म्हणाले, "साहेब, दोन माणसं एकाच दारातून ये-जा करतात असं समजा. एक बाहेर पडला की दुसऱ्यानं आत यायचं. दोघांची घड्याळं एका दोरीला बांधलेली. दोरी तुटली की डोक्याला डोकं!" यातला एक माणूस म्हणजे पिस्टन आणि दुसरा म्हणजे व्हॉल्व्ह. खाली क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की वर कॅमशाफ्टचा एक फेरा झाला पाहिजे, ना कमी ना जास्त. हा हिशेब सांभाळतो एक दातेरी रबरी पट्टा. काही इंजिनांत तो तुटला तरी नुसती गाडी थांबते. माझं इंजिन डोक्याला डोकं आपटणाऱ्यांपैकी होतं.

पूर्वी हे काम लोखंडी साखळी करायची, अजूनही पुष्कळ गाड्यांत करते. १९६२ साली जर्मनीत ग्लास नावाच्या एका छोट्या कंपनीनं रबरी पट्ट्याची मोटार विकायला काढली. पट्टा स्वस्त, हलका, आवाज न करणारा. त्याच १९६२ साली आपल्याकडे एमआयडीसी स्थापन झाली. म्हणजे आमचा हा पट्टा आणि तो पट्टा समवयस्क. आवाज मात्र सगळा आमच्या वाट्याला आला.

"मग बदलायचा केव्हा?" मी विचारलं.

"तुटायच्या आदल्या दिवशी," मिस्त्री म्हणाले.

हे उत्तर तत्त्वज्ञान म्हणून अव्वल आहे, पण त्यावर रजेचा अर्ज करता येत नाही. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलं होतं: इतके किलोमीटर किंवा इतकी वर्षं, जे आधी होईल ते. माझ्या गाडीचं दोन्ही होऊन गेलं होतं. आधीचा मालक म्हणाला होता, "बेल्ट बदललाय की!" पण त्याच्याकडे बिल नव्हतं, आणि बिल नसलेल्या वाक्यावर विश्वास ठेवू नये हे आम्हाला बी. कॉम.च्या पहिल्या वर्षाला शिकवतात. मिस्त्रींनी वरचं झाकण उघडून दाखवलं. पट्टा काळा, तुकतुकीत, निरोगी.

"चांगला दिसतोय," मी म्हणालो.

"दिसतोय," मिस्त्री म्हणाले. या एका शब्दात त्यांनी सगळं सांगितलं होतं, पण मला सोयीचा तेवढाच अर्थ ऐकू आला.

खर्च होता साडेनऊ हजार. त्यातच पाण्याचा पंप आणि पट्टा ताणणारी पुलीही बदलायची, कारण पट्टा नवा आणि पुली जुनी म्हणजे घोंगडं नवं आणि खुंटी मोडकी. आता जी वस्तू चालू आहे तिच्यासाठी साडेनऊ हजार द्यायला मध्यमवर्गीय हात सहजासहजी खिशाकडे जात नाही. मी ठरवलं, दिवाळीनंतर. मग ठरवलं, एफडी मॅच्युअर झाल्यावर. मग ठरवलं, मार्च क्लोजिंग झाल्यावर. दरम्यान गाडी रोज चाकणला जाऊन येत होती, आणि रोज संध्याकाळी मी मनात म्हणत होतो, 'बघा, आजही तुटला नाही!' वास्तविक न तुटलेल्या प्रत्येक दिवसागणिक पट्टा एक दिवसानं म्हातारा होत होता. मला मात्र तो एक दिवसानं अधिक भरवशाचा वाटत होता.

यात माझा एकट्याचाच दोष नाही. आपली भाषाच माझ्या बाजूनं आहे. 'बैल गेला आणि झोपा केला' ही म्हण सगळ्यांना पाठ. पण 'झोपा केला आणि बैल गेला नाही' अशी म्हण नाही. ज्यानं वेळेवर गोठ्याला दार लावलं त्याची गोष्टच होत नाही. शेजारी त्याला म्हणतात, बैल काही जाणार नव्हताच, उगाच दाराला पैसे घातले. आणि तो बिचारा सिद्ध तरी काय करणार? न गेलेला बैल पुरावा म्हणून उभा करता येत नाही. तो उभाच असतो.

बँकेत मात्र आम्ही असं वागत नाही, आणि हेच मला टोचायला हवं होतं. कर्ज थकलं की तरतूद करायची हे कोणालाही पटेल. पण ज्याचे हप्ते घड्याळासारखे येतात, त्या कर्जासाठीसुद्धा बँकेला नफ्यातून थोडी तरतूद बाजूला काढावी लागते. कर्जदार चांगला दिसतोय, पण 'दिसतोय'. आणि आम्हाला साठाव्या वर्षी, महिन्याच्या शेवटच्या दिवशी, हार घालून घरी पाठवतात तेव्हा आमचे दाते झिजलेत का हे कोणी झाकण उघडून बघत नाही. तिथे आम्ही हाराला मान वाकवतो. रबराच्या तुकड्याबद्दल मात्र मला एकदम न्यायबुद्धी सुचली होती.

अशात भाचा घरी आला. तो सदाशिव पेठेत खोली घेऊन स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतो आणि विषय घेतलाय तत्त्वज्ञान. जेवताना मी माझ्या दूरदृष्टीचं वर्णन करत होतो. त्यानं भात कालवता कालवता एक गोष्ट सांगितली. विल्यम क्लिफर्ड नावाचे एक इंग्रज गणिती होते. त्यांनी १८७७ साली एका निबंधात एक जहाजमालक उभा केला. त्याचं जहाज जुनं झालंय. मनात शंका आहे, पण तपासणी आणि दुरुस्ती म्हणजे खर्च. म्हणून तो स्वतःची समजूत घालतो की इतक्या सफरी सुखरूप झाल्या, ही पण होईल. अगदी मनापासून पटवून घेतो आणि परदेशी निघालेल्या बायकामुलांनी भरलेलं जहाज समुद्रात लोटतो. जहाज बुडतं, तो विम्याचे पैसे घेतो.

"तो गुन्हेगारच," मी म्हणालो.

"हो ना," भाचा म्हणाला. "पण क्लिफर्ड पुढे विचारतात, समजा जहाज बुडालं नसतं, तर? त्यांचं म्हणणं, तरी त्याचा दोष रतीभरही कमी होत नाही. तो फक्त उघडकीला आला नसता." आणि त्यानं आमटी मागितली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण एक गोष्ट मी अजून तुम्हालाही सांगितलेली नाही. माझ्या जहाजात मी एकटा नव्हतो. माझ्याबरोबर रोज आमचे हेडकॅशियर, पाटण्याहून आलेला एक तरुण अधिकारी आणि शाखेतल्या एक क्लार्क बाई येत. डिझेलची वर्गणी सगळे पहिल्या तारखेला चोख देत. स्पाईन रोडनं मोशी, मग नाशिक रस्ता, कुरुळी, आळंदी फाटा. त्या रस्त्यावर पुढे कंटेनर, मागे ट्रेलर आणि मध्ये आम्ही, म्हणजे जबड्यातलं शेंगदाण्याचं कूट. तिथे इंजिन एकदम बंद पडलं तर स्टीअरिंग जड होतं, ब्रेक दगड होतो आणि मागच्या ट्रेलरला 'तरतूद' हा शब्द ठाऊक नसतो. साडेनऊ हजार माझे वाचत होते आणि जोखीम चौघांत सारखी वाटली जात होती. शिवाय तिघांना न विचारता. हिशेबाच्या भाषेत याला फार वाईट शब्द आहे.

शनिवारी पट्टा बदलला. मिस्त्रींनी जुना पट्टा हातात दिला. मी तो उलटासुलटा केला, वाकवला, उजेडात धरला. एक चीर नाही, एक दाता गेलेला नाही. अजून दहा हजार किलोमीटर गेला असता की सोमवारीच तुटला असता, हे आता जगात कोणालाही कळणार नाही. घरी ही म्हणाली, "अहो, चांगला होता की अजून!" मी म्हणालो, "दिसतोय."

सोमवारी मी गाडीत सगळं सांगून टाकलं. खरं तर कौतुकाच्या अपेक्षेनं. पट्टा बदलला, खर्च माझा, वर्गणी तीच. हेडकॅशियर म्हणाले, "उत्तम." मग त्यांच्यातला कॅशियर जागा झाला आणि त्यांनी विचारलं, "बदलायचाय हे कळलं केव्हा?"

"दिवाळीच्या आधी," मी म्हणालो.

तेव्हा एप्रिल चालू होता. मोशीपर्यंत कोणी बोललं नाही. मग मागून त्या बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "मी तर रोज गाडीत बसलं की झोपते हो."

मी गेली बावीस वर्षं बँकेत आहे. ठेवीदार रात्री झोपतो तो आपल्या पैशांपाशी कोणीतरी जागं आहे या भरवशावर, हे मी कितीतरी नव्या पोरांना ऐकवलंय. माझ्याच मागच्या सीटवर एक ठेवीदार सहा महिने झोपत होता, आणि जागं राहायचं काम माझं होतं.

मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली की नाही मला कळलं नाही. बँकेसारखी तिची पावती मिळत नाही. मंगळवारी बाई आल्या, पण कुरुळीपर्यंत टक्क जाग्या होत्या. बुधवारीही. गुरुवारी चिंबळी फाट्यापाशी मी आरशात पाहिलं, त्यांची मान खिडकीला टेकली होती. मी हॉर्न न वाजवता ट्रेलरमागे मुकाट्यानं गाडी चालवत राहिलो.

जुना पट्टा मी टाकला नाही. शाखेत माझ्या खणात ठेवलाय. कोणी काउंटरवर येऊन म्हणालं, "सगळं व्यवस्थित चाललंय, मग आत्ताच कशाला?" की मी खण थोडा उघडतो, आत बघतो आणि पुन्हा लावतो.