तीन मजली टर्मिनल

निवांत बसा. हात मोकळे सोडा. श्वास मुद्दाम लांब करू नका. बसल्या बसल्या तो आपोआप संथ होतो.

आता डोळ्यांसमोर एक पॅनल आणा. पांढुर्णा किंवा सौंसरच्या एखाद्या जिनिंगमधलं, रुईच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसचं. मेन बंद आहे, त्याला कुलूप आहे, सप्लाय नसल्याची खात्री मीटरनं झाली आहे. दार उघडा. कोपऱ्यात रुईचा बारीक भुरका साचलेला दिसेल. तो साफ करायचाच आहे, पण आत्ता नाही.

नजर ३५ मिमीच्या रेलवर आणा. साध्या टर्मिनलला एक वायर इकडून येते, एक तिकडून जाते. इथले टर्मिनल तीन मजली आहेत. रेलवर जागा एकाची, जोडण्या तिघांच्या.

यातल्या एकाच टर्मिनलपाशी थांबा. प्रेसवरच्या एका सेन्सरच्या तीन वायरी इथे आल्या आहेत. खालच्या मजल्यावर निळी, मायनसची. मधल्यावर तपकिरी, २४ व्होल्ट प्लसची. वरच्यावर काळी, सिग्नलची. खालच्या दोन्ही मजल्यांवर आडवे जम्पर आहेत, म्हणजे प्लस आणि मायनस सगळ्या सेन्सरना मिळून एकच. वरच्या मजल्यावर जम्पर नाही. तिथे जो तो आपलं आपण सांगतो. सामाईक काय आणि ज्याचं त्याचं काय, हे जरा वेळ नुसतं पाहत राहा.

आता खालचा मजला नीट पाहायचा प्रयत्न करा. वरच्या वायरी आड येतात. नंबर झाकला जातो, स्क्रूपर्यंत पेचकस पोचत नाही. म्हणून जाणता वायरमन खालचा मजला आधी भरतो, ओढून बघतो, मगच वर येतो. आणि नंबर मजल्यासकट टाकतो. नुसतं ‘बारा’ म्हटलं तर बोट तीन ठिकाणी जाऊ शकतं. मनात सावकाश म्हणा: पट्टी एक्स-दोन, टर्मिनल बारा, मजला वरचा. आता बोटाला एकच जागा उरली.

फेरूलवरचा आकडाही पाहा. इंग्रजी सहाखाली रेघ नसेल तर वायर फिरल्यावर तो नऊ होतो. एवढ्याशा रेघेनं तासाभराची शोधाशोध टळते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर छिंदवाड्यातून निघाले आणि त्यांचा वेगळा जिल्हा झाला. शेतं होती तिथेच, जाम नदीही तिथेच. बदलले ते पत्ते आणि कागद. पॅनलमध्ये याच्या उलट होतं. भर हंगामात कुणी वायर बारावरून पंधरावर नेतो आणि ड्रॉइंग तसंच राहतं. त्या दिवसापासून ते खोटं बोलू लागतं. दाराच्या खिशातला तो कागद मनानं बाहेर काढा, लाल पेनानं बदल करा, तारीख घाला.

आता एक अवघड गोष्ट. ‘हे पॅनल माझ्याशिवाय कुणाला उमगत नाही,’ या वाक्यात एक गोडी असते. रात्री प्रेस अडते, फोन येतो, आपण आठवणीतून सांगतो, ‘तिसरी पट्टी, डावीकडून मोजा,’ आणि मशीन चालू होतं. मान मिळतो. ती गोडी मनात येऊ द्या, तिला नावं ठेवू नका. मग पलीकडच्या माणसाकडे पाहा: एका हातात फोन, दुसऱ्यात टॉर्च, मागे कापसाच्या गाड्यांची रांग. त्याला तुमच्या आठवणीची गरज पडली, कारण ती पट्टीवर लिहिलेली नव्हती.

लेबल लावणं म्हणजे आपल्या डोक्यातलं त्याच्या डोळ्यांसमोर ठेवणं. त्यात आपला भाव थोडा उतरतो. उतरू द्या.

डोळे उघडा. पुढचं पॅनल हातावेगळं करण्याआधी, ज्यानं ते कधी पाहिलेलं नाही अशा कुणाला दारापाशी उभं करा आणि एका सेन्सरचं नाव सांगा. काही न विचारता त्याचं बोट नेमक्या स्क्रूवर गेलं, तर काम झालं. त्यानं वळून तुमच्याकडे पाहिलं, तर अजून एक लेबल लावायचं राहिलं आहे.