लवण राजाची साठ वर्षं

योगवासिष्ठात लवण राजाची कथा येते. दरबारात आलेला एक ऐंद्रजालिक मोरपिसांचा कुंचा फिरवतो आणि राजा सिंहासनावरच स्तब्ध होतो. भानावर आल्यावर सांगतो, की आपण चांडाळ होऊन साठ वर्षं जगलो, लेकरंबाळं झाली, दुष्काळात सगळं गेलं. दरबाऱ्यांच्या लेखी जेमतेम काही घटका गेलेल्या. मला पुढचा भाग मोलाचा वाटतो: दुसऱ्या दिवशी राजा विंध्याकडे निघतो, आणि ती वस्ती त्याला खरोखर सापडते.

आभासी जगात शिकण्यालाही अशीच दुसऱ्या दिवसाची पडताळणी हवी. 23 ऑगस्ट 2020 रोजी आयआयटी मुंबईचा दीक्षान्त समारंभ आभासी जगात झाला. संचालकांच्या संगणकीय प्रतिमेने विद्यार्थ्यांच्या प्रतिमांना पदव्या दिल्या. करोनाच्या वर्षी ते योग्यच होतं. पण समारंभ वेगळा, शिकणं वेगळं. केंद्राच्या आभासी प्रयोगशाळा प्रकल्पातही ही संस्था आहे. त्यातले प्रयोग शेलूबाजारच्या पोराला फुकट करता येतात, ही मोठीच गोष्ट.

समृद्धी महामार्गाचा इंटरचेंज असलेल्या या गावाभोवती सोयाबीन पिकतं. शेतकी शिकणाऱ्याने हेडसेट लावून आभासी जगात सोयाबीनच्या मुळावरच्या गाठीत शिरावं, रायझोबियम जिवाणू हवेतला नत्र पिकाच्या हवाली कसा करतात ते चहूबाजूंनी पाहावं. फळ्यावर हे कधीच दिसणार नाही. मग फुलोऱ्यातलं एक रोप उपटावं, माती झटकून गाठ नखाने फोडावी. आत लालसर गुलाबी असेल तर ती कामाला लागली आहे. हिरवट-करडी असेल तर नाही. पडद्यावरची गाठ ठरल्याप्रमाणे गुलाबीच निघते. रानातली दरवेळी निघत नाही. मग बियाण्याला जिवाणू संवर्धक लावलं होतं का, वावरात पाणी साचलं होतं का, याचा माग काढावा लागतो. हा माग काढणं मला अभ्यासक्रमाचा गाभा वाटतो.

भीती आहे ती निराळीच. जिथे जर्नल उतरवून प्रात्यक्षिक 'पूर्ण' होतं, तिथे आभासी प्रयोगशाळा म्हणजे खरी न बांधण्याची सोय ठरेल. शहरातल्या मुलाला ब्युरेट आणि हेडसेट दोन्ही, खेड्यातल्याला नुसता हेडसेट. ब्युरेटची तोटी जराशी जास्त फिरली, एक थेंब वाढला आणि दरवेळी सारखं यायला हवं ते ब्युरेटचं वाचन हुकलं, की पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. ती सवय हातालाच लागते. म्हणून हेडसेटच्या मागणीपत्रावरच रसायनांचा खर्च आणि वेळापत्रकात दुसऱ्या दिवशीचा शेतावरचा तास लिहून घ्यावा. दोन्ही मंजूर होत नसतील, तर आधी रसायनं आणि शेत मागावं.